संगणक वारंवार बंद का पडतो? : दोषशोधनाचा एक पाठ

शाळेत संगणक आला म्हणजे त्याबरोबर त्याची दुखणीही आज ना उद्या येतातच. त्यांतील सर्वांत त्रासदायक दुखणे म्हणजे काम चालू असता यंत्र एकाएकी बंद पडणे आणि कोणी बटण न दाबता पुन्हा सुरू होणे. अशा वेळी बहुधा दोहोंपैकी एक गोष्ट घडते. यंत्रावर कापड टाकून ते कोपऱ्यात सरकवले जाते व पुढे तेथेच राहते. किंवा दुरुस्ती करणारा येतो, ‘फॉर्मॅट मारावे लागेल’ असे सांगतो आणि डिस्क कोरी करून देतो. पहिल्या प्रकारात मुलांचे शिक्षण अडते. दुसऱ्या प्रकारात निकालपत्रके, शिष्यवृत्तीच्या याद्या व वर्षानुवर्षांची टिपणे नाहीशी होतात. आणि मूळ दोष जर धुळीने अडकलेल्या पंख्यात असेल, तर आठ दिवसांनी यंत्र पुन्हा पूर्ववत बंद पडू लागते.

हे नुकसान टाळणे शिक्षकांच्या हाती आहे. त्यासाठी यंत्रविद्येचे विशेष ज्ञान लागत नाही. निरीक्षण, नोंद आणि एका वेळी एकच बदल ही शिस्त लागते. प्रस्तुत पाठात त्या शिस्तीचा क्रम दिला आहे.

१. यंत्र आपण होऊन का थांबते?

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बंद पडणे हा पुष्कळदा दोष नसून दोषापासून केलेला बचाव असतो. संगणकात असे तीन रक्षक असतात.

पहिला रक्षक विजेचा. भिंतीतून येणारा २३० व्होल्टचा प्रवाह संगणकाच्या उपयोगाचा नसतो. पेटीतील एसएमपीएस नावाचा भाग त्याचे १२, ५ व ३.३ व्होल्टच्या प्रवाहांत रूपांतर करतो. या दाबांत शेकडा पाचपर्यंत चढउतार चालतो. म्हणजे १२ व्होल्टचा प्रवाह ११.४ ते १२.६ यांच्या दरम्यान असावा लागतो. दाब ठीक असेतोवर एसएमपीएस मदरबोर्डला ‘सर्व ठीक’ असा संकेत देत राहतो. तो संकेत थांबताच मदरबोर्ड काम सोडून पुन्हा पहिल्यापासून आरंभ करतो. आपल्याकडील विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. चांगला एसएमपीएस पूर्ण भारावर वीज खंडित झाल्यास सुमारे १६ मिलिसेकंद निभावून नेतो. म्हणून आपल्याला दिवा नुसता लुकलुकल्यासारखा वाटतो, तेवढ्यातही संगणक बंद पडून पुन्हा सुरू होऊ शकतो.

दुसरा रक्षक उष्णतेचा. प्रोसेसरचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले म्हणजे तो आधी आपली गती कमी करतो आणि तरीही ताप वाढत राहिला तर जळून जाण्यापूर्वी यंत्र बंद करतो.

तिसरा रक्षक विंडोज प्रणालीचा. स्मृतीतील मजकुरात गंभीर विसंगती आढळली की चुकीची माहिती डिस्कवर लिहिली जाऊ नये म्हणून ती काम थांबवते, पडद्यावर सूचना दाखवते आणि संगणक पुन्हा सुरू करते. हा पडदा निळा असतो. विंडोज ११ च्या २०२५ नंतरच्या आवृत्त्यांत तो काळा दिसतो.

तेव्हा प्रश्न ‘यंत्र का बिघडले?’ असा न विचारता ‘तिघांपैकी कोणत्या रक्षकाने यंत्र थांबवले?’ असा विचारावा. प्रश्न बदलला की शोधाची दिशा सापडते.

२. हात लावण्यापूर्वी

(अ) यंत्र थोडा वेळ जरी चालत असेल, तर त्या वेळात महत्त्वाच्या सर्व फायली पेन ड्राइव्हवर उतरवून घ्याव्यात. हे काम सर्वांत आधी करावे. यंत्र बदलता येते, नोंदी पुन्हा मिळत नाहीत.

(आ) पेटी उघडण्यापूर्वी संगणक बंद करून प्लग भिंतीतून काढावा. केवळ स्विच बंद करणे पुरेसे नाही. नंतर चालू करावयाचे बटण पाच-दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे उरलासुरला विद्युद्भार निघून जातो. आत हात घालण्यापूर्वी पेटीच्या उघड्या धातूस स्पर्श करावा. कारण कोरड्या हवेत अंगावर साठलेला भार नाजूक भागांना अपाय करतो.

(इ) एसएमपीएसची डबी कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. प्लग काढल्यानंतरही तिच्यात ३०० व्होल्टहून अधिक दाबाचा भार काही काळ साठून राहू शकतो. मुलांना उघड्या पेटीजवळ येऊ देऊ नये.

३. निरीक्षण व नोंद

संगणकाजवळ एक साधी वही ठेवावी. प्रत्येक वेळी यंत्र बंद पडले की पुढील पाच बाबी लिहाव्यात : तारीख व वेळ, सुरू केल्यापासून किती मिनिटांनी बंद पडले, त्या वेळी कोणते काम चालू होते, खोलीतील दिवे-पंखे मंदावले होते काय, पडद्यावर काही सूचना दिसली काय.

पडद्यावरील सूचना पुष्कळदा वाचण्यापूर्वीच निघून जाते. तिला थांबवण्याची सोय आहे. विंडोजमधील ‘सिस्टिम प्रॉपर्टीज’च्या ‘ॲडव्हान्स्ड’ भागात ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ची सेटिंग्ज उघडून ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’ समोरची खूण काढावी. मग सूचना पडद्यावर टिकून राहते व तिच्यातील संकेत वहीत उतरवून घेता येतो. तसेच ‘इव्हेंट व्ह्यूअर’ या सोयीत यंत्राची स्वतःची रोजनिशी पाहावयास मिळते. तीत ‘कर्नल-पॉवर’ या नावाची ४१ क्रमांकाची नोंद वारंवार आढळते. तिचा अर्थ एवढाच की, यंत्र रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाले. कारण ती सांगत नाही. म्हणून ती नोंद पाहून कोणी लगेच एसएमपीएस बदलावयास सांगितले, तर घाई करू नये.

आठवडाभराच्या नोंदींतून बहुधा एखादे सूत्र दिसू लागते. ते असे ओळखावे :

यंत्र पंधरावीस मिनिटांनी बंद पडते, लगेच सुरू केल्यास त्याहून लवकर बंद पडते आणि तासभर थंड होऊ दिल्यास पुन्हा पंधरावीस मिनिटे चालते : उष्णतेचा संशय घ्यावा.

पाण्याची मोटर सुरू होताना किंवा सायंकाळी दाब उतरल्यावर बंद पडते : विजेचा संशय घ्यावा.

सूचना येते, परंतु दर वेळी तिच्यातील संकेत निराळा असतो आणि कामाचाही नेम नसतो : रॅमचा संशय घ्यावा.

सूचनेतील संकेत दर वेळी तोच असतो, किंवा एखादे ठराविक काम करतानाच यंत्र थांबते : ड्रायव्हर अथवा एखाद्या आज्ञावलीचा संशय घ्यावा.

सुरू करताच चार-पाच सेकंदांत बंद पडते : आत अडकलेले बटण, नीट न बसलेली रॅम, सैल झालेला प्रोसेसरचा पंखा किंवा एसएमपीएस यांकडे पाहावे.

४. परीक्षेचा क्रम

क्रम ठरवताना दोन नियम पाळावेत : बाहेरून आत जावे, आणि बिनखर्चाची परीक्षा खर्चाच्या आधी करावी. प्रत्येक बदलानंतर यंत्र पुरेसा वेळ चालवून पाहावे आणि मगच पुढचा बदल करावा. एकाच दिवशी धूळ काढली, रॅम बदलली व विंडोजही नव्याने घातले, तर यंत्र बरे होईल कदाचित. परंतु कशाने बरे झाले हे कळणार नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा तेवढाच खर्च होईल.

पहिली परीक्षा : दोष विंडोजचा की यंत्राचा. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ २ ही कळ दाबली असता बहुतेक यंत्रांत बायोसचा पडदा येतो. तेथे विंडोज अजून सुरूच झालेले नसते. यंत्र त्या पडद्यावर अर्धा तास तसेच ठेवावे. तेथेही ते बंद पडले, तर विंडोज निर्दोष आहे व फॉर्मॅट करणे व्यर्थ आहे, हे सिद्ध झाले. न पडल्यास मात्र यंत्राला पूर्ण निर्दोष समजू नये. कारण त्या पडद्यावर प्रोसेसरला काम फारसे नसते. याच ठिकाणी बहुधा प्रोसेसरचे तापमान व पंख्याची गतीही पाहावयास मिळते.

दुसरी परीक्षा : वीज. प्लग सॉकेटमध्ये घट्ट बसतो काय, एक्स्टेन्शन बोर्ड तापतो काय, हे पाहावे. संगणक एकदा दुसऱ्या खोलीतील सॉकेटवर व दुसरी वायर लावून चालवावा. यूपीएसची परीक्षा संगणकाऐवजी साध्या दिव्यावर घ्यावी. यूपीएसला टेबलावरचा दिवा जोडून त्याचा भिंतीतील स्विच बंद करावा. दिवा तत्काळ विझला, तर बॅटरी किंवा यूपीएस निकामी आहे आणि वीज लुकलुकताच संगणक पडणार हे उघड आहे. लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीही जोडू नये. तो तापताना एकदम पुष्कळ वीज ओढतो. भिंतीतील दाब व अर्थिंग यांची तपासणी वायरमनकडूनच करवून घ्यावी.

तिसरी परीक्षा : उष्णता. आपल्या शाळांतील खडूची पूड व अंगणातील धूळ पेटीत शिरून प्रोसेसरवरील धातूच्या पात्यांत गच्च बसते. प्लग काढून, पंखा बोटाने धरून, रंगकामाच्या मऊ कोरड्या ब्रशने ती हलकेच काढावी. नंतर यंत्र सुरू करून, आत हात न घालता, पंखा फिरतो की अडखळतो हे पाहावे. पेटी भिंतीला चिकटून अथवा बंद कपाटात ठेवू नये. जुन्या यंत्रात पंख्याखालील थर्मल पेस्ट वाळून जाते. ती बदलण्याचे काम जाणकाराकडून करवावे.

याच वेळी मदरबोर्डवरील लहान नळकांड्यांसारख्या कपॅसिटरकडे दृष्टी टाकावी. त्यांचे माथे सपाट असावेत. माथा फुगलेला किंवा तेथून तपकिरी द्रव आलेला दिसल्यास मदरबोर्ड सदोष समजावा. सुमारे १९९९ ते २००७ या काळात बनलेल्या पुष्कळ मदरबोर्डांत हा दोष आढळून आला.

चौथी परीक्षा : रॅम. रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा पांढऱ्या मऊ खोडरबरने हलक्या हाताने पुसाव्यात, कण झाडावेत व पट्टी ‘टक्’ असा आवाज होईपर्यंत नीट बसवावी. पट्ट्या दोन असतील तर एका वेळी एकच लावून यंत्र चालवावे. ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ ही सोय रॅमची परीक्षा आपोआप करते. तिला रात्रभर चालण्यास वाव द्यावा.

पाचवी परीक्षा : प्रणाली. दोष अमुक दिवसापासून सुरू झाला असे वहीत दिसत असेल, तर त्याच्या आदल्या दिवशी काय नवे घातले हे आठवून ते काढावे. ‘सेफ मोड’मध्ये फक्त आवश्यक ड्रायव्हर चालतात, तेथे यंत्र स्थिर राहिले तर दोष पुष्कळदा ड्रायव्हरात सापडतो. पेन ड्राइव्हवरून उबंटू चालवून पाहणे ही आणखी चांगली कसोटी होय. निराळ्या प्रणालीतही यंत्र पडत असेल, तर दोष यंत्रातच आहे.

एवढ्याने उलगडा न झाल्यास एसएमपीएसचा विचार करावा. शेजारच्या शाळेतील तशाच संगणकाचा चांगला एसएमपीएस जाणकाराकडून काही दिवस लावून पाहणे, ही नवीन विकत घेण्यापूर्वीची योग्य परीक्षा आहे.

५. मंगळावरील एक उदाहरण

हीच शिस्त केवढ्या मोठ्या कार्यात उपयोगी पडली, याचे उदाहरण शिक्षकांना उद्बोधक वाटेल. अमेरिकेच्या नासा या संस्थेचे ‘पाथफाइंडर’ यान ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरले. थोड्याच दिवसांत त्यावरील संगणक आपोआप पुन्हा पुन्हा सुरू होऊ लागला. दर वेळी त्या दिवसाचे उरलेले काम दुसऱ्या दिवसावर जाई. यंत्राला हात लावणे तर अशक्यच. तेथे संदेश पोहोचावयासही दहा मिनिटांहून अधिक वेळ लागे.

तंत्रज्ञांनी घाईने काही बदलले नाही. पृथ्वीवर ठेवलेल्या तशाच यंत्रावर त्यांनी तोच दोष पुन्हा घडवून आणला आणि प्रत्येक घटनेची क्रमवार नोंद तपासली. तेव्हा कारण सापडले. ते शाळेच्या दृष्टान्ताने सांगता येईल. मुख्याध्यापकांना कपाट तातडीने उघडावयाचे आहे. किल्ली शिपायाजवळ आहे. परंतु इतर शिक्षक शिपायाला एकामागून एक कामे सांगत आहेत, त्यामुळे त्याला किल्ली परत करण्यास सवड नाही. सर्वांत महत्त्वाचे काम अशा रीतीने खोळंबे आणि वेळेवर लक्ष ठेवणारा रक्षक ‘काहीतरी बिघडले’ असे समजून संपूर्ण संगणक पुन्हा सुरू करी. ज्याच्याजवळ किल्ली आहे त्याला, ती परत करीपर्यंत, मुख्याध्यापकांचाच मान द्यावा, अशी तरतूद त्या आज्ञावलीत आधीच होती. फक्त ती चालू केलेली नव्हती. पृथ्वीवरून आज्ञा पाठवून ती चालू करण्यात आली आणि दोष दूर झाला. एकही सुटा भाग बदलावा लागला नाही.

६. वर्गातील उपयोग

पेटी उघडण्याचे काम शिक्षकांनीच करावे. परंतु वहीतील नोंदी वरच्या वर्गातील मुलांकडून ठेववाव्यात. आठवड्याच्या अखेरीस नोंदी फळ्यावर मांडून ‘कोणत्या रक्षकाने यंत्र थांबवले असावे?’ असे विचारावे. मुले तर्क करतील. त्या तर्काची परीक्षा कशी घ्यावी, हेही त्यांनाच सुचवू द्यावे. निरीक्षण, तर्क, परीक्षा व निर्णय हा विज्ञानाचा क्रम पुस्तकात शिकवावा लागतो. येथे तो मुलांच्या डोळ्यांसमोर घडतो. तर्क चुकला तरी तो वहीतून खोडू नये. कोणते कारण नव्हते हे कळणे, हीदेखील प्रगतीच होय.

दुरुस्ती करणाऱ्यास बोलावण्याची वेळ आली, तर ही वही त्याच्यापुढे ठेवावी. ‘बंद पडतो’ एवढेच सांगणाऱ्या शाळेत तो अंदाजाने भाग बदलील. ‘बायोसमध्येही बारा मिनिटांनी बंद पडतो, धूळ काढली आहे, रॅम तपासली आहे’ असे सांगणाऱ्या शाळेत त्याला नेमकेच काम करावे लागेल.

स्वाध्याय

१. आपल्या शाळेतील संगणकासाठी वर सांगितल्याप्रमाणे पाच रकान्यांची नोंदवही आखावी.
२. संगणकातील महत्त्वाच्या फायलींची यादी करून त्यांची दुसरी प्रत कोठे आहे, हे प्रत्येकीपुढे लिहावे.
३. एक संगणक बायोसच्या पडद्यावर तासभर स्थिर राहतो, परंतु विंडोजमध्ये चित्रफीत लावताच दहा मिनिटांनी बंद पडतो. येथे कोणकोणती कारणे संभवतात व त्यांतील कोणते प्रथम तपासावे, हे सकारण सांगावे.
४. यूपीएसची दिव्यावरील परीक्षा करून पाहावी व निष्कर्ष वहीत नोंदवावा.