आलिशान विद्युत मोटार आणि सार्वजनिक तिजोरी : चंडीगढचे उदाहरण

चंडीगढ हे अवघ्या ११४ चौरस किलोमीटरचे शहर. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या साडेदहा लाखांच्या आसपास होती. तेथे नोंदलेल्या वाहनांची संख्या मात्र या आकड्याच्या पुढे गेली आहे. पंजाब आणि हरयाणा या दोन राज्यांची ही राजधानी, परंतु प्रशासन केंद्राचे. अशा सधन आणि मोटारप्रिय शहरात सप्टेंबर २०२२ मध्ये प्रशासनाने पाच वर्षांसाठी विद्युत वाहन धोरण जाहीर केले. विजेवरील वाहनांना रस्ता करातून सूट मिळाली. त्याचबरोबर पेट्रोल व डिझेलच्या वाहनांच्या नोंदणीवर वार्षिक मर्यादा घालण्यात आली. फेब्रुवारी २०२३ मध्ये पेट्रोल दुचाकींची त्या वर्षाची मर्यादा संपली आणि त्यांची नोंदणी आर्थिक वर्षअखेरपर्यंत थांबविण्यात आली.

स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्याने या प्रसंगाकडे थोडे थांबून पाहावे. ज्या नोंदणी कार्यालयातून पेट्रोल स्कूटर घेऊ पाहणारा कारकून परत फिरला, त्याच कार्यालयात कोटीभर रुपयांच्या विद्युत एसयूव्हीचे स्वागतच होते. दोन्ही निर्णयांमागील तत्त्व एकच, प्रदूषण कमी करण्याचे. त्याचा भार आणि त्याचा लाभ कोणाच्या वाट्याला आले, हा सार्वजनिक वित्तव्यवहाराचा प्रश्न आहे.

प्रथम तत्त्व पाहू. मोटारीच्या धुराची किंमत मोटारमालक देत नाही, ती रस्त्यावरचा प्रत्येक जण देतो. अशा खर्चाला अर्थशास्त्रात ऋण बाह्यता म्हणतात. प्रदूषकावर कर बसवून हा खर्च त्याच्या हिशेबात आणावा, हा विचार ए. सी. पिगू यांनी १९२० मध्ये मांडला. स्वच्छ पर्यायाला करसवलत देणे ही त्याच विचाराची दुसरी बाजू होय. सवलत देताना शासन जो महसूल सोडते, त्याला करखर्च म्हणतात. तो अनुदानासारखाच असतो. फरक इतकाच की, अनुदानाची मागणी विधिमंडळापुढे मतास येते आणि करखर्च सहसा नजरेआड राहतो.

आता कराचे दर पाहू. १ ऑगस्ट २०१९ पासून विद्युत वाहनांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के करण्यात आला. यात वाहनाच्या किमतीची कोणतीही अट नाही. पेट्रोल-डिझेलच्या मोठ्या एसयूव्हीवर २८ टक्के कर आणि २२ टक्के भरपाई उपकर असा ५० टक्के भार होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर जाऊन एकच ४० टक्के दर आला. त्याच दिवसापासून ३५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या दुचाकींचा दर २८ वरून १८ टक्क्यांवर उतरला. येथे परीक्षार्थी एक चूक हमखास करतात. केंद्राकडून विद्युत मोटारीच्या खासगी ग्राहकाला रोख अनुदान मिळते, असे ते लिहितात. फेम योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात चारचाकींचे अनुदान व्यावसायिक वापराच्या वाहनांपुरते होते आणि सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या १०,९०० कोटी रुपयांच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत खासगी मोटारींचा समावेश नाही. आलिशान मोटारीला मिळणारे साहाय्य जवळजवळ सर्वस्वी करांतून येते, म्हणूनच ते लहान दिसते.

ते किती मोठे आहे, हे एका काल्पनिक उदाहरणाने समजेल. करपूर्व किंमत १ कोटी रुपये असलेल्या दोन एसयूव्ही घ्या. पेट्रोलची मोटार ४० टक्के कराने १ कोटी ४० लाखांना आणि विजेची १ कोटी ५ लाखांना पडेल. रस्ता कर १० टक्के धरला आणि विद्युत मोटारीला तो पूर्ण माफ झाला, तर आणखी १४ लाखांचा फरक पडतो. एकूण अंतर ४९ लाख रुपये. हेच गणित करपूर्व १ लाख रुपयांच्या स्कूटरला लावले, तर अंतर २४,८०० रुपये येते. (प्रत्यक्षात बॅटरीमुळे विद्युत वाहनाची मूळ किंमत अधिक असते. येथे फक्त कराचा परिणाम वेगळा काढला आहे.)

खरेदीनंतरचा हिशेब अधिक बोलका आहे. पेट्रोल १०० रुपये लिटर आणि घरची वीज ७ रुपये युनिट माना. वर्षाला १२,००० किलोमीटर धावणारी, लिटरला १० किलोमीटर देणारी एसयूव्ही १ लाख २० हजारांचे पेट्रोल पिईल. शंभर किलोमीटरला २० युनिटे घेणाऱ्या विद्युत एसयूव्हीचा विजेचा खर्च १६,८०० रुपये होईल. बचत सुमारे १ लाख ३ हजार, म्हणजे मोटारीच्या किमतीच्या एक टक्का. पहिल्या वर्षी मोटारीचे मूल्य १५ टक्क्यांनी घटले, तर जवळपास १६ लाख रुपये गेले. त्यापुढे ही बचत नगण्य आहे. उलट वर्षाला ९,००० किलोमीटर जाणारा स्कूटरस्वार पेट्रोलऐवजी वीज वापरून १८,००० रुपयांच्या घरात वाचवील, म्हणजे स्कूटरच्या किमतीच्या सहाव्या हिश्शाहून अधिक. इंधनाचे दर वाढले की कोणता ग्राहक विजेकडे वळेल, हे यावरून उघड आहे.

श्रीमंत ग्राहकाच्या मागणीची लवचिकता किती, याचा एक गमतीदार पुरावा चंडीगढनेच दिला आहे. ऑगस्ट २०२५ मधील लिलावात ‘सीएच ०१ डीए ०००१’ या नोंदणी क्रमांकाला ३६ लाख ४३ हजार रुपयांची बोली लागली. केवळ एका क्रमांकासाठी! जेथे वस्तूचा खर्चिकपणा हाच तिच्या आकर्षणाचा भाग असतो, तेथे कर थोडा वाढल्याने मागणी फारशी हलत नाही. थॉर्स्टीन व्हेब्लेन यांच्या दिखाऊ उपभोगाच्या संकल्पनेसाठी याहून सोपे उदाहरण मला सापडलेले नाही.

दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. नवे तंत्रज्ञान बहुधा महागड्या वस्तूंतून बाजारात शिरते आणि उत्पादन वाढले की स्वस्त होते. पुण्याजवळील चाकण येथे मर्सिडीझ-बेंझने २०२४ मध्ये ‘ईक्यूएस एसयूव्ही ५८०’ची जुळणी सुरू केली, तिची किंमत १ कोटी ४१ लाख रुपये ठेवण्यात आली होती. अशा जुळणीतून रोजगार आणि कौशल्य येथे राहते. आयातीसाठी केंद्राने मार्च २०२४ मध्ये अट घालूनच दार उघडले : किमान ४,१५० कोटी रुपयांची गुंतवणूक तीन वर्षांत करणाऱ्या उत्पादकाला ३५,००० डॉलर व त्याहून अधिक किमतीच्या विद्युत मोटारी वर्षाला ८,००० पर्यंत १५ टक्के सीमाशुल्कात आणता येतील. येथे सवलतीच्या बदल्यात देशाला काय मिळणार, हे लिहून ठेवले आहे. ५ टक्के कराच्या सवलतीत तशी अट नाही.

साधनसामग्रीचा मुद्दाही आहेच. या ‘ईक्यूएस एसयूव्ही’ची बॅटरी १२२ युनिट क्षमतेची आहे. तीन युनिटांची बॅटरी लागणाऱ्या चाळीस स्कूटरी तेवढ्यात उभ्या राहतात. शिवाय देशातील विजेचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कोळशावर निर्माण होतो. म्हणजे धूर चंडीगढच्या रस्त्यावरून हटला, तरी त्यातील काही भाग औष्णिक केंद्राच्या धुराड्यातून निघतोच.

चंडीगढच्या नोंदणी मर्यादेचे पुढे काय झाले? शहराला लागूनच पंजाबातील मोहाली आणि हरयाणातील पंचकुला आहे. वाहन तेथे नोंदवून चंडीगढच्याच रस्त्यावर चालविता येते. महसूल बाहेर गेला, धूर शहरातच राहिला. विक्रेत्यांनी आणि ग्राहकांनी विरोध केला आणि २०२३ मध्येच उद्दिष्टे सैल करावी लागली. लहान अधिकारक्षेत्राने एकट्याने निर्बंध घातले की मागणी सीमेपलीकडे सरकते, हे वित्तीय संघराज्याच्या अभ्यासकाने येथून टिपून घ्यावे.

महाराष्ट्राने दुसरा मार्ग चोखाळून पाहिला. १० मार्च २०२५ रोजी मांडलेल्या अर्थसंकल्पात ३० लाख रुपयांहून महाग विद्युत मोटारींवर ६ टक्के मोटार वाहन कराचा प्रस्ताव होता. त्याच महिन्यात मुख्यमंत्र्यांनी विधान परिषदेत तो मागे घेत असल्याचे सांगितले. महसूल फारसा मिळणार नाही आणि विद्युत वाहनांविषयीच्या राज्याच्या भूमिकेबद्दल चुकीचा संदेश जाईल, असे कारण देण्यात आले. पहिले कारण मला पटते, कारण अशा मोटारी थोड्या आहेत. दुसरे पटत नाही. किमतीनुसार पायऱ्या असलेला कर स्कूटर, रिक्षा किंवा लहान मोटार घेणाऱ्याला कोणताच संदेश देत नाही. त्याचा संबंध फक्त वरच्या पायरीशी आहे. त्या पायरीवर ६ टक्के म्हणजे १ कोटी ५ लाखांच्या मोटारीमागे ६ लाख ३० हजार रुपये. वरच्या उदाहरणातील स्कूटरवर २४,८०० रुपये सोडावे लागतात, असे धरले, तर या एका मोटारीच्या करातून किती स्कूटरस्वारांची सवलत भागेल, हे विद्यार्थ्यांनी स्वतः काढून पाहावे.