आधी ऑइल, मग पॅड, शेवटी कॅलिपर

महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा आंबेनळी घाट ब्रेकचा जेवढा कस पाहतो, तेवढा एक्सप्रेसवे कधीच पाहत नाही. जवळपास १,२०० मीटरची उतरण आहे. ती नुसत्या ब्रेकवर उतरायची म्हणजे ताशी १०० किलोमीटर वेगातली गाडी तीसेक वेळा पूर्ण थांबवण्याइतकी उष्णता डिस्क, पॅड आणि ब्रेक ऑइलच्या माथी मारायची. गाडी हलकी असो वा जड, हिशेब तोच. याच घाटात माझ्या ऑक्टेव्हिया आरएसचं ब्रेक पेडल तळाला गेलं.

गाडी २०१७ची, दोन लिटर टर्बो पेट्रोल, २३० हॉर्सपॉवर. ब्रेकचं काम नुकतंच करून घेतलं होतं. पुढे चार पिस्टनचे लाल कॅलिपर, मोठ्या डिस्क, आणि त्यात ट्रॅकवर वापरायचे पॅड. ‘आता ब्रेकची चिंता सोडा’ असं सांगून काम करणाऱ्याने चावी हातात दिली होती. घाट निम्मा उतरल्यावर पेडल नेहमीपेक्षा खोल जायला लागलं. मग ते मऊ पडलं, आणि एका वळणाच्या तोंडावर पार खाली गेलं. मागच्या सीटवर आई होती. गिअर हाताने खाली ओढत दुसऱ्यावर आणला, पेडल भराभर पंप केलं, तेव्हा थोडा दाब मिळाला आणि गाडी डोंगराकडच्या रुंद जागेत कशीबशी थांबली. चाकांमधून करपट वास येत होता. अर्ध्या तासाने पेडल पुन्हा घट्ट झालं, जणू काही घडलंच नव्हतं.

हे पुन्हा घट्ट होणंच घातक आहे. खाली आल्यावर तुम्ही मेकॅनिकला दाखवता, तो पेडल दाबून बघतो आणि ‘ठीक आहे की’ म्हणतो. प्रत्यक्षात झालेलं असतं ते असं, की कॅलिपरमधलं ऑइल उकळून त्याची वाफ होते. द्रव दबत नाही, वाफ दबते. म्हणून पायाचा जोर पिस्टनपर्यंत पोचत नाही. थंड झाल्यावर वाफेचा पुन्हा द्रव होतो आणि खुणा पुसल्या जातात. माझ्या गाडीतलं ऑइल दुसऱ्या गॅरेजमध्ये काढून बघितलं तेव्हा ते कोऱ्या चहाच्या रंगाचं निघालं. कॅलिपर बदलताना सांडलं तेवढंच नवीन भरलं होतं, बाकी सगळं जुनंच होतं.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरत जातो. डॉट ३ प्रतीचं ताजं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत टिकायला हवं, ओलावा धरल्यावरची किमान मर्यादा १४०. डॉट ४ ची हीच जोडी २३० आणि १५५, डॉट ५.१ ची २६० आणि १८०. दुकानदार डब्यावरचा मोठा आकडा दाखवतो. तुम्ही लहान आकडा विचारा, कारण दोन पावसाळे काढलेली गाडी त्याच्याकडेच सरकलेली असते. डॉट ५ हे वेगळंच, सिलिकॉनचं ऑइल आहे, ते डॉट ३, ४ किंवा ५.१ वापरणाऱ्या गाड्यांत घालायचं नाही. कोकणात, मुंबईत गाडी असेल तर मी दरवर्षी ऑइल बदलायला सांगेन, आणि तेही चारही चाकांतून जुनं पूर्ण निघेपर्यंत. हजार-दोन हजारांत होणारं हे काम लाखाच्या कॅलिपरपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

ब्रेक दुसऱ्या प्रकारेही सोडून जातात. पेडल दगडासारखं घट्ट राहतं, पण गाडी थांबत नाही. तिथे दोष ऑइलचा नसून पॅडचा असतो: पॅड त्याच्या कुवतीपलीकडे तापलेला असतो. हा फरक पायाला ओळखता आला पाहिजे, नाहीतर भलताच भाग बदलला जातो.

पॅड घेताना स्वतःला एकच विचारा: गाडी सर्वांत जास्त कुठे चालते? ट्रॅकचे पॅड तापल्यावरच धरतात. सकाळी सोसायटीतून निघाल्यावरच्या पहिल्या सिग्नलला ते थंडच असतात, गाडी अपेक्षेपेक्षा पुढे जाते, शिवाय किंचाळतात आणि डिस्क खातात. त्यांत धातू जास्त असेल तर उष्णताही पिस्टनकडे, म्हणजे ऑइलकडे, जास्त पोचते. रस्त्याच्या गाडीला थंडीतही धरणारा आणि घाटातही टिकणारा पॅड हवा. अनेक पॅडच्या कडेवर दोन अक्षरं छापलेली असतात, पहिलं साधारण तापमानाचं, दुसरं गरम झाल्यावरचं. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. एफई दिसलं की समजायचं, तापल्यावर हा ढिला पडतो. घाटाला एफएफ बरा. युरोपचा आर९० शिक्का असेल तर पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या १५ टक्क्यांच्या आतबाहेर आहे, एवढी खात्री मिळते.

आता कॅलिपर. दिसायला देखणे असतात, मलाही आवडतात. पण थांबायचं अंतर शेवटी टायरची पकड ठरवते, आणि कंपनीच्या ब्रेकनेही एबीएस लागत असेल तर जोर कमी नाहीच. मोठा कॅलिपर आणि मोठी डिस्क उपयोगी पडते ती वारंवार ब्रेक लावताना उष्णता सोसायला. फक्त पुढचेच ब्रेक जबर केले तर पुढची चाकं आधी अडतात, मागची आपल्या वाट्याचं काम करत नाहीत, आणि अंतर उलट वाढू शकतं. म्हणून विकणाऱ्याला पिस्टनचं एकूण क्षेत्रफळ विचारा. ते मूळ कॅलिपरपेक्षा बरंच जास्त असेल तर पेडलही खोल जाणार, कारण मास्टर सिलिंडर तोच आहे. उत्तर देता आलं नाही, तर तिथून घेऊ नका. पिस्टनवर धुळीचं रबर आहे का, हेही बघा. शर्यतीच्या काही कॅलिपरना ते नसतं आणि आपल्या चिखलपाण्यात पिस्टन गंजून अडकतात. नामवंत कंपन्यांच्या नावाचे नकली कॅलिपरही बाजारात फिरतात. लाल रंग आणि अक्षरांवर जाऊ नका.

माझ्या गाडीला मी मूळ कॅलिपर परत बसवून घेतले. त्यांच्या सरकत्या पिना साफ करून रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावलं, कारण साध्या ग्रीसने रबर फुगतं. एकाच चाकातला आतला पॅड बाहेरच्यापेक्षा जास्त झिजला असेल तर बहुधा पिन अडकलेली असते. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, तीही मोजून घेतली. आणि चांगले रस्त्याचे पॅड, ताजं डॉट ५.१.

नवे पॅड लागल्यावर लगेच घाटात जाऊ नका. त्यांतली राळ पहिल्यांदा तापताना वायू सोडते आणि पॅड डिस्कवर घसरतो. रिकाम्या, सपाट रस्त्यावर ताशी ८० वरून २० पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा वेग उतरवा. मग ब्रेक न लावता काही किलोमीटर चालवून थंड होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभं राहू नका, पॅडचा थर एकाच जागी चिकटतो आणि पुढे स्टिअरिंग थरथरतं. घाटात डीएसजी हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ‘डी’वर ठेवला तर तो वरचे गिअर टाकत राहतो, म्हणून मॅन्युअलवर घेऊन दुसरा-तिसरा धरा. ब्रेक थोडा थोडा घासत ठेवू नका. वळणाआधी ठामपणे लावा, आणि पूर्ण सोडा.