पिशवी काढण्याआधी पिशवीचं तोंड तपासा



मुलं झाली, ऑपरेशन झालं, आता दवाखान्याचं काम संपलं, असं बरीच जोडपी समजतात. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेने पाळणा थांबतो, पण गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर टळत नाही. त्यासाठी ३० वर्षांनंतर प्रत्येक विवाहित स्त्रीने दर पाच वर्षांनी तपासणी करून घ्यावी. काही त्रास नसला तरीही!

हा कॅन्सर कशाने होतो?

एच.पी.व्ही. नावाच्या विषाणूमुळे. तो शरीरसंबंधातून पसरतो. पुरुषाच्या अंगात असला तरी त्याला बहुधा कळत नाही. म्हणून बायकोला दोष देऊ नये. बहुतेकींच्या अंगातून हा विषाणू एक-दोन वर्षांत आपोआप जातो. काहींच्या अंगात मात्र तो टिकून राहतो आणि पिशवीच्या तोंडावरच्या पेशी हळूहळू बिघडतात. या बिघाडाचा कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षे लागतात. तेवढा वेळ आपल्या हातात असतो. निरोध वापरल्यास धोका कमी होतो.

तपासणी कशी करतात?

पिशवीच्या तोंडाला कापसाने पातळ व्हिनेगर लावून एक मिनिट थांबतात. बिघडलेला भाग पांढरा दिसतो. टाका नाही, भूल नाही. मुंबईत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. दहावी शिकलेल्या बायांना शिकवून त्यांच्याकडून दर दोन वर्षांनी ही तपासणी करवली. तपासणी झालेल्यांत या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले, असे २०१३ साली दिसून आले.

पांढरा डाग दिसला तर?

डाग म्हणजे कॅन्सर नव्हे. पुढची तपासणी होते. नुसता बिघाड असेल तर बहुधा तेवढाच भाग गोठवून किंवा उष्णता देऊन नष्ट करतात. पिशवी शाबूत राहते.

अंगावरून जातं, पिशवी काढू का?

घाई करू नका. अंगावरून पांढरं जाणं हे बहुधा जंतुसंसर्गामुळे असतं आणि औषधाने बरं होतं. बीड जिल्ह्यात ऊसतोडणीला जाणाऱ्या अनेक बायांच्या पिशव्या कॅन्सरची भीती घालून काढल्याच्या तक्रारी झाल्या. २०१९ साली राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. कुणी पिशवी काढायला सांगितली तर आधी तपासणीचा लेखी अहवाल मागा आणि सरकारी रुग्णालयात दाखवा.

मात्र ही लक्षणे असतील तर थांबू नका:
१. संबंधानंतर रक्त जाणे.
२. दोन पाळ्यांच्या मधे रक्त जाणे.
३. पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसणे.
४. घाण वासाचे पाणी जाणे.

मुलींसाठी काय?

या विषाणूवर लस आहे. ९ ते १४ या वयात ती सर्वात चांगली लागू पडते. पुण्यात तयार झालेली लस २०२३ पासून मिळते. लस घेतलेल्या मुलीनेही पुढे तिशीनंतर तपासणी करावी.

पतीराजांना विनंती

बाई लाजते, कामाचं निमित्त सांगते. तुम्हीच विषय काढा. पाळी नसेल असा दिवस ठरवा, मजुरीचा एक खाडा पत्करा आणि तिच्याबरोबर चला. उपकेंद्रातल्या नर्सबाई किंवा गावच्या आशाताई तपासणी कुठे व कधी होते ते सांगतील.

वय झालं तीस, ठरवा तपासणीचा दिवस!