आपल्या घरची गोष्ट कशी लिहावी?

घरच्या आठवणी लिहा असे कोणाला म्हटले की उत्तर ठरलेले असते, “आमच्या घरात लिहिण्यासारखे काय घडले?” अशा मंडळींना आम्ही बहारीनचे उदाहरण देतो. तिथला यहुदी समाज पुष्कळ वर्षे जेमतेम तीस-चाळीस माणसांचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बगदादकडून येऊन ही घराणी मनामात व्यापाराला लागली. त्यांच्यातल्याच नॅन्सी खदूरी या बाईंनी २००७ च्या सुमारास आपल्या लोकांच्या हकिकतीचे इंग्रजी पुस्तक काढले. मूठभर माणसांचे पुस्तक होते. आपण तर कोकणातल्या गावागावांची नावे आडनावात घेऊन फिरतो, आणि त्या गावात आजोबांचे घर कुठे होते हेसुद्धा लिहून ठेवत नाही!

लिहायला बसताना सबंध जन्माची हकीकत मांडू नये. एक वस्तू घ्यावी, एक दिवस घ्यावा, एक पान भरावे. आणि पाहिलेले कोणते, ऐकलेले कोणते, हे वेगळे सांगावे. ही शेवटची गोष्ट आम्ही स्वतः चुकलो, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

आमचे धाकटे काका बहारीनला तेल कंपनीत कारकून होते. संयुक्त राष्ट्रांनी पॅलेस्टाईनच्या फाळणीचा ठराव केल्यावर डिसेंबर १९४७ मध्ये मनामात दंगल झाली, घरेदारे लुटली गेली, तिथले सिनेगॉग मोडले. “त्या दंगलीतून काका जीव घेऊन पळाले,” असे आमच्या घरात सगळे सांगत. आम्हीही तसेच लिहिले. नातवाच्या बार मित्सवाला छोटी पुस्तिका काढली, आणि पोराने ते पान चारचौघांत मोठ्याने वाचून दाखवले.

पुढे आईच्या जुन्या ट्रंकेत काकांचे एक पाकीट मिळाले. आत पत्र नव्हते, शिक्का पुसट झालेला. तिकिटावर राजा सहावा जॉर्ज, वर ‘बहारीन’ आणि अडीच आणे असे छापलेले. आता बहारीनच्या टपालाची गंमत अशी की १९३३ पासून तिथे हिंदुस्थानचीच तिकिटे ‘बहारीन’ हा शब्द छापून चालत. एप्रिल १९४८ पासून इंग्लंडची तिकिटे आली, पण किंमत आण्यांतच छापत, कारण चलन आपलाच रुपया होता. दिनार आला १९६५ साली. राजा दोन्हींवर तोच, म्हणून पहिल्यांदा आम्हीही फसलो. पण हिंदुस्थानच्या तिकिटावर देशाचे नाव असते, इंग्लंडच्या तिकिटावर नसते. आमच्या तिकिटावर नव्हते. म्हणजे दंगलीनंतर निदान चार महिने तरी काका बहारीनलाच होते!

अश्दोदला आमची आत्या आहे, नव्वदी ओलांडलेली. तिला फोन केला. ती म्हणाली, “पळाला कसला? भाऊ मनामात नव्हताच, कंपनीच्या वस्तीत होता. पण सिनेगॉग मोडल्याची बातमी आली आणि त्याचे पत्र येईना. आई दोन दिवस जेवली नाही. एलियाहू हनाबीला बोलली, पोर सुखरूप दिसू दे, मलिदा करीन. तो आला माझ्या लग्नाला, पन्नास साली. तेव्हा आईने मलिदा केला. ताटातला खजूर त्यानेच आणलेला. तुम्ही पोरे मलिदा खाऊन मोठी झालात, आणि दंगल न् येणे एकत्र करून टाकलेत.”

खोटे कोणीच बोलले नव्हते. मधली दोन-अडीच वर्षे तेवढी गळली होती, आणि त्यांच्याबरोबर आजीचा तो नवसही. पळून येण्याच्या गोष्टीत आजी कुठेच नव्हती. आता लिहायला घेतले तर गोष्ट तिचीच होते. आत्याचे बोलणे आम्ही जसेच्या तसे उतरवले. पुस्तकी मराठीत घातले असते तर ती आत्या राहिली नसती.

पुस्तिकेच्या घरात असतील तेवढ्या प्रतींवर चिठ्ठी चिकटवली. नातू म्हणाला, “आजोबा, मी ते सगळ्यांसमोर वाचले होते.” त्याला आम्ही काय सांगणार? खरी हकीकत हिब्रूत लिहायचे काम त्यालाच दिले आहे.

तेव्हा जुनी पाकिटे टाकू नका, आणि हौशी नातवंडांना तिकिटे कापू देऊ नका. कापलेच तर कुठल्या पाकिटाचे ते मागे लिहून ठेवा. फोटोच्या मागेही शिसपेन्सिलीने नावे घाला. ती सांगणारे माणूस जवळ आहे तोवर.

आजीने मलिदा मुंबईच्या घरी केला की गावी, हे आत्याला विचारायचे राहिले. येत्या रविवारी पाकीट घेऊन अश्दोदला जातो आहोत.