खुल्या समुद्राचा वारसा कोणाचा?

आधाररेषेपासून २०० सागरी मैलांपर्यंत किनारी राष्ट्राचे अनन्य आर्थिक क्षेत्र असते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदा करारात ही मर्यादा निश्चित झाली. हा करार १९९४ मध्ये अमलात आला व १९९५ मध्ये भारताने त्यास अनुसमर्थन दिले. या मर्यादेपलीकडचा खुला समुद्र महासागरांच्या सुमारे दोन-तृतीयांश आहे. तेथील जीवसृष्टीच्या रक्षणाची पुरेशी तरतूद मात्र करारात नव्हती.

समुद्रतळ हा मानवजातीचा सामाईक वारसा मानावा, ही भूमिका माल्टाचे प्रतिनिधी आर्विद पार्दो यांनी १९६७ साली मांडली. हे तत्त्व पुढे तळातील खनिजांना लागू झाले. म्हणूनच मध्य हिंदी महासागरातील बहुधात्विक गाठींच्या शोधासाठी भारतास आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी करार करावा लागला. खोल पाण्यातील जीवाणू व स्पंज यांच्या जनुकांचे काय? औषधनिर्मितीस उपयुक्त अशी ही संपदा केवळ प्रगत राष्ट्रांच्या प्रयोगशाळांनीच वापरावी काय, असा विकसनशील देशांचा रास्त प्रश्न होता.

१९ जून २०२३ रोजी स्वीकृत झालेला सागरी जैवविविधता करार ही उणीव भरून काढू पाहतो. सप्टेंबर २०२४ मध्ये भारताने त्यावर स्वाक्षरी केली. १७ जानेवारी २०२६ रोजी तो अमलात आला. लाभवाटप, पर्यावरणीय परिणामांचे मूल्यमापन आणि क्षमताबांधणी हे विषय त्यात आहेतच. परंतु विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष द्यावे ते संरक्षित क्षेत्रांच्या तरतुदीकडे. एकमत न झाल्यास तीन-चतुर्थांश बहुमताने निर्णय घेता येतो, त्यामुळे एखाद्या राष्ट्राच्या नकाराने काम अडत नाही. तथापि मत्स्यव्यवसायाचे नियमन करणाऱ्या विद्यमान संघटनांच्या अधिकारांना बाधा आणता येत नाही, आणि अतिमासेमारीचा प्रश्न तर त्यांच्याच कक्षेत येतो.