लाज टाक, कागद धर

चि. बाळास,



ताईचा फोन आला होता. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसचं, म्हणजे पाठीचा कणा आखडवणाऱ्या आजाराचं, निदान पक्कं झालं, आता मेडिकल बोर्ड फौजेतून बाहेर काढील, बोर्ड आउट करतील, एवढं तू तिला सांगितलंस आणि वर म्हणालास, ‘गावात कुणाला सांगू नका.’ त्या शेवटच्या वाक्यासाठी हे पत्र लिहितो आहे. तुझं दुःख मला कळतं. पण लाज बाळगू नकोस. बोर्डाच्या दिवसांत जवानाचं सगळ्यात मोठं नुकसान ही लाजच करते.

युनिटच्या ऑफिसात कागद सांभाळताना मी हे फार जवळून पाहिलंय. आजारी जवान मान खाली घालून येतो, ‘साहेब, एकदाचं सुटू दे’ म्हणतो आणि पुढ्यात येईल त्यावर न वाचता सही करतो. त्या सहीचे परिणाम त्याचं घर जन्मभर भोगतं. म्हणून आधी कागदांचं बोलतो.

पुढे नोकरी करायची इच्छा आहे का, असं तुला विचारतील. इच्छा असेल तर तसं स्पष्ट लिही. शेल्टर्ड अपॉइंटमेंट, म्हणजे तब्येतीला झेपेल अशी नेमणूक, मागण्यात कमीपणा नाही. वैद्यकीय कारणावरून फौजेनं तुला घरी पाठवणं वेगळं आणि तू स्वतः ‘नको’ लिहून बाहेर पडणं वेगळं. लाजेपोटी अनविलिंगनेस सर्टिफिकेटवर, म्हणजे पुढे नोकरी नको असं लिहून देणाऱ्या कागदावर, सही करू नकोस.

बोर्ड मुख्यतः दोन गोष्टी ठरवतं: अपंगत्व किती टक्के, आणि आजार सेवेमुळे झाला किंवा बळावला का. डिसॅबिलिटी पेन्शन या दुसऱ्या उत्तरावर उभी असते. तुझ्या रक्तात एचएलए-बी२७ सापडलंय, तेव्हा आजार उपजत प्रवृत्तीचा आहे असं बोर्ड म्हणू शकेल. पण हे जनुक असलेल्या बहुतेकांना हा आजार होतच नाही. म्हणून तुझी पाठ कुठे धरायला लागली, कोणत्या पोस्टिंगवर दुखणं वाढलं, युनिटच्या दवाखान्यात, एम.आय. रूममध्ये, कधी गेलास, कुठल्या इस्पितळात होतास, हे तारखांसकट एका कागदावर उतरव. खोटं एक अक्षर घालू नकोस आणि खरं एक अक्षर गाळू नकोस. ‘जवानानं दुखणं सोसायचं असतं’ म्हणून बोर्डापुढे गप्प बसलास, तर तुझ्या बाजूनं बोलणारं तिथे दुसरं कुणी नसेल.

गप्प न बसलेल्या एकाचं उदाहरण सांगतो. धरमवीर सिंग हे फौजेच्या सिग्नल्समधले शिपाई. त्यांना फिट्स येऊ लागल्या आणि १९९४ साली बोर्ड आउट केलं. आजाराचा सेवेशी संबंध नाही म्हणून पेन्शन नाकारली. ते लढत राहिले आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान तेव्हा निरोगी होता असं धरायचं, संबंध नाही म्हणायचं तर बोर्डानं कारण द्यायचं आणि संशयाचा फायदा जवानाला द्यायचा, असं न्यायालयानं सांगितलं. मात्र २०२३ च्या सप्टेंबरमध्ये पेन्शनचे नियम बदलले आहेत. तेव्हा पारावरच्या जुन्या पेन्शनरांचं ऐकून चालू नकोस, तुला लागू होणारे नियम माहितगाराकडून समजून घे.

बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत मागून घे. दावा फेटाळला तर सहा महिन्यांच्या आत पहिलं अपील कर. तिथेही दाद लागली नाही तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईत आहे. अपील म्हणजे पलटणीशी बेइमानी नव्हे. ती वाट सरकारनंच कायद्यानं दिली आहे. तुझी सेवा दहा वर्षांच्या वर झाली आहे, त्यामुळे निकाल विरुद्ध गेला तरी इनव्हॅलिड पेन्शनचा हक्क राहतो. घर उघड्यावर पडणार नाही, हे आधी सूनबाईला सांग.

आता शरीराचं. या आजारात पडून राहिलं की सांधे आखडतात आणि हालचालीनं मोकळे होतात. म्हणजे पहाटेची पी.टी. सुटत नाही. दौडीऐवजी आता डॉक्टर सांगतील ते अंग ताणण्याचे आणि श्वासाचे व्यायाम, आणि पोहणं. विडी-सिगारेट आजपासून बंद. डोळा लाल होऊन दुखला, उजेड सोसेना झाला, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. या आजारात डोळ्याला आतून सूज येऊ शकते आणि हयगय केली तर नजर अधू होऊ शकते. ई.सी.एच.एस.चं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड वेळेवर काढ. पुढे महागडी इंजेक्शनं लागली तर त्याचाच आधार होईल. आजार लपवायचा म्हणून गोळ्या चुकवशील, चारचौघांत हौसेनं पोतं उचलायला जाशील, तर ते शौर्य नाही. आणि मुलाची चिंता करत बसू नकोस. बापाला आहे म्हणून मुलाला होणारच, असं नाही.

फौजेतून सुटताना पैसे हाती येतील तेव्हा उसने मागणारे आणि ट्रॅक्टर घ्यायला सांगणारे दारात येतील. वर्षभर त्या रकमेला हात लावू नकोस. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदव. राज्य सरकारच्या क आणि ड गटाच्या नोकऱ्यांत माजी सैनिकांना १५ टक्के जागा आहेत. खडकीचं क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ पासून अपंग सैनिकांना हातातली विद्या शिकवतं. तुझ्यासाठी तिथे काय आहे, याची चौकशी कर.

राहिला गावाचा प्रश्न. आपल्या साताऱ्यातल्या अपशिंगे मिलिटरी या गावात पहिल्या महायुद्धात पडलेल्या ४६ जणांचं स्मारक आहे. आपण तिथे माथा टेकतो आणि ते योग्यच आहे. पण आजार घेऊन परतलेल्यांचं नाव कुठल्याच दगडावर नसतं, म्हणून त्यांची सेवा कमी मोजायची सवय गावाला लागली आहे. ही चूक गावाची आहे. तू ती मान्य करू नकोस. कुणी विचारलं तर आजाराचं नाव घेऊन सरळ सांग. तू सांगितलंस की पुढच्या आजारी पोराला सांगणं सोपं जाईल.

बोर्डाची तारीख ठरली की मला कळव. कुठल्याही कागदावर सही करण्याआधी त्याचा फोटो पाठव आणि आज रात्रीच ताईशी मोकळेपणानं बोल.

तुझा,
मामा