काठ आणि पाणी : परिमिती व क्षेत्रफळ यांचा अभ्यास

सहावी-सातवीच्या विद्यार्थ्याला आयताची परिमिती विचारली तर तो "दोन गुणिले, कंसात लांबी अधिक रुंदी" असे धडाधड म्हणून टाकतो. क्षेत्रफळ विचारले तर "लांबी गुणिले रुंदी". उत्तरे बरोबर असतात. परंतु शेताला कुंपण घालायचे तर यांपैकी काय काढायचे आणि भाताचे बी किती लागेल यासाठी काय काढायचे, असे विचारताच तो शिक्षकांच्या तोंडाकडे पाहू लागतो. सूत्र पाठ झालेले असते, पण ते कशाचे आहे हे डोळ्यांसमोर आलेले नसते. म्हणून आपल्याच महाड-पोलादपूर परिसरातील उदाहरणे घेऊन हा विषय आम्ही येथे मांडत आहोत.

प्रारंभ फळ्यावर न करता मैदानावर करावा. २४ मीटर लांबीचा दोर घेऊन त्याची टोके बांधावीत व चार विद्यार्थ्यांनी चार कोपरे धरावेत. प्रथम ११ मीटर लांब व १ मीटर रुंद आयत करावा. आत ११ चौरस मीटर जागा सापडते. मग ८ व ४ मीटरचा करावा, ३२ चौरस मीटर मिळतात. शेवटी चारही बाजू ६ मीटरच्या केल्या की ३६. दोर तोच, आतली जागा तिपटीहून अधिक झाली! हे एकदा पायाखाली अनुभवले की परिमिती सारखी म्हणजे क्षेत्रफळ सारखे हा गैरसमज जातो. पोलादपूरकडील डोंगरउतारावरची लांबट, अरुंद खाचरे ज्यांनी कसली आहेत त्यांना हे पुस्तकाविना ठाऊक असते. तेवढ्याच जमिनीला बांध मात्र कितीतरी अधिक घालावा लागतो.

आता आपल्या बोलण्यातला गुंठा घेऊ. "३३ फूट म्हणजे गुंठा" असे घरोघर म्हणतात, ते अपुरे आहे. ३३ फूट ही एक बाजू झाली. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद चौरसाचे क्षेत्रफळ, म्हणजेच १,०८९ चौरस फूट, हा गुंठा होय. असे ४० गुंठे म्हणजे १ एकर. विद्यार्थ्यांकडून मैदानावर चुन्याने एक गुंठा आखून घ्यावा. "चौरस" हा शब्द मापापुढे का लावतात, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

या मापाने चवदार तळ्याकडे जाऊ. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो स्त्री-पुरुषांनी तळ्यावर जाऊन पाणी प्राशन केले. नंतर काही सवर्णांनी दावा लावला. तो मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला व १७ मार्च १९३७ रोजी बाबासाहेबांच्या बाजूने निकाल लागला. त्या निकालपत्रात आमच्या विषयाला अगदी जुळणारे वर्णन आहे. तळ्याचा विस्तार चार ते पाच एकर, सभोवती नगरपालिकेचे रस्ते, त्यापलीकडे घरे. काठावरच्या जमिनीच्या पट्ट्या, घाट व बांधीव कडा यांपैकी बऱ्याच त्या घरमालकांच्या. तळे मात्र नगरपालिकेचे. अस्पृश्यांना पाणी न देण्याची अनादी काळापासूनची रूढी असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, यावर निकाल झाला. काठ काही जणांचा होता, पण तेवढ्याने आतले पाणी त्यांचे एकट्याचे होत नव्हते. परिमिती आणि क्षेत्रफळ या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे शिकवायला याहून चांगले उदाहरण आम्हास ठाऊक नाही. गणिताच्या तासाला इतिहास कशाला, असे कोणी म्हणेल. महाडच्या मुलांनी तळ्याचे गणित करायचे नाही तर कोणी करायचे?

तळ्याचा आकार सोयीसाठी आयत मानू व क्षेत्रफळ ४ एकर, म्हणजे १६० गुंठे धरू. ३३ फुटांची एक साखळी कल्पून लांबी १६ व रुंदी १० साखळ्या घेतल्यास १६० गुंठे होतात. परिमिती ५२ साखळ्या, म्हणजे १,७१६ फूट. तेच १६० गुंठे ४० आणि ४ साखळ्यांत बसविले तर परिमिती ८८ साखळ्या, म्हणजे २,९०४ फूट येते. मघाशी दोर स्थिर होता व जागा बदलत होती. येथे जागा स्थिर असून काठ वाढला.

सातबाराबाबत थोडेसे. त्यावर क्षेत्र हेक्टर, आर व चौरस मीटरमध्ये असते. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, तर गुंठा सुमारे १०१.१७ चौरस मीटर. ०.१२.५० असे लिहिले असेल तर ते १,२५० चौरस मीटर, म्हणजे सव्वाबारा गुंठ्यांहून किंचित अधिक. वाटणीच्या वेळी बांधाची लांबी सारखी दाखवून "दोघांना सारखेच" असे कोणी म्हणत असेल, तर घरातील सातवीच्या मुलीने दोन्ही तुकड्यांचे क्षेत्रफळ काढून दाखवावे.

आणखी एक उदाहरण विनयपिटकातील महावग्गात आहे. मगधातील बांधांनी आखलेली शेते पाहून तथागतांनी तशाच रचनेचे चीवर करता येईल का, असे आनंदांना विचारले व आनंदांनी तुकडे जोडून तसे चीवर तयार केले. तुकड्यांमधल्या पट्ट्या म्हणजे जणू बांध. विद्यार्थ्यांनी १२ व ६ सेंटिमीटरचा कागद घेऊन त्याचे ४ व ३ सेंटिमीटरचे सहा तुकडे करावेत आणि पुढील प्रश्न वहीत सोडवावेत.

१) कापण्यापूर्वी कागदाचे क्षेत्रफळ व परिमिती किती?
२) सहाही तुकड्यांच्या क्षेत्रफळांची बेरीज किती? परिमितींची बेरीज किती? दोहोंपैकी कोणती बदलली व का?
३) आपल्या विहाराच्या सभागृहाची लांबी-रुंदी मोजा. फरशीसाठी काय काढाल? भिंतींना कडेने निळ्या पताका लावण्यासाठी काय काढाल?